जुनं घर विकण्याआधी रिकामं करताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाळीस-पन्नास वर्षं नांदतं राहिलेलं घर विकायचं ठरलं की व्यवहारापेक्षा माळ्यावरच्या ट्रंकांचीच धास्ती जास्त वाटते. महाराष्ट्रातले फ्लॅट, बंगले आणि वाडे रिकामे करणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. जिथे विषय दुसरीकडे सविस्तर आला आहे, तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. किती दिवस लागतील आणि सुरुवात कुठून करायची?

तीन खोल्यांचा, माळे भरलेला फ्लॅट असेल आणि दोन माणसं फक्त शनिवार-रविवारी हात लावणार असतील, तर आठ ते दहा आठवडे धरा. कोठीची खोली, पोटमाळा आणि गच्चीवरची शेड असलेल्या बंगल्याला किंवा वाड्याला तीन-चार महिने लागतात. 'दिवाळीच्या सुट्टीत उरकू' हा हिशोब हमखास चुकतो. मग शेवटच्या दोन दिवसांत टेम्पो बोलावला जातो आणि जपायला हवं होतं नेमकं तेच भंगारात जातं.

काही हलवण्याआधी प्रत्येक खोलीचे, उघड्या कपाटांचे, फडताळांचे आणि माळ्यांचे फोटो काढून ठेवा. पुढे 'ती पेटी होती की नव्हती' असा वाद झाला तर तेच कामी येतात. त्यानंतर आधी कागदपत्रं (प्रश्न २ आणि ३), मग दडवलेल्या वस्तूंचा शोध (प्रश्न ४), मग नातेवाइकांतली वाटणी (प्रश्न ७), मग देणं-विकणं, आणि सगळ्यांत शेवटी भंगार. लोक नेमकं उलट करतात. पहिल्याच दिवशी रद्दीवाला येतो आणि वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात दडलेलं शेअर सर्टिफिकेट घेऊन जातो.

फोटोंचे अल्बम मात्र सुरुवातीला उघडू नका. अल्बममध्ये दिवस जातो आणि पुढच्या कामाला हात उचलत नाही. कागद झाले की न्हाणीघर, गॅलरी, बुटांचं कपाट अशा जीव न गुंतलेल्या जागा घ्या.

२. ट्रंकभर जुने कागद आहेत. काय ठेवायचं, काय टाकायचं?

घराचे मूळ कागद एका जाड फाइलमध्ये वेगळे काढा. खरेदीखत किंवा करारनामा, नोंदणीची पावती, इंडेक्स-२ (नोंदणी कार्यालयाचा व्यवहाराचा उतारा), ताबा पत्र, भोगवटा प्रमाणपत्र, मंजूर नकाशा, सोसायटीचं भाग प्रमाणपत्र, मिळकत पत्रिका किंवा सातबारा, घरपट्टीच्या पावत्या. कर्ज फेडल्यावर बँकेने दिलेला 'बाकी नाही' दाखला आणि परत केलेल्या मूळ कागदांची यादीही त्यातच ठेवा. मृत्यूचे दाखले आणि वारसा हक्काचे कागदही याच फाइलमध्ये.

घरदुरुस्तीची बिलं बहुतेक जण फेकून देतात, ती ठेवा. घर विकल्यावर भांडवली नफा काढताना घरात केलेल्या सुधारणांचा खर्च धरता येतो. घर वारशाने आलं असेल तर आधीच्या मालकाने केलेला खर्चही धरला जातो. मात्र घर 1 एप्रिल 2001 पूर्वीचं असेल आणि त्या दिवशीची बाजारभावाची किंमत मूळ किंमत म्हणून घेतली असेल, तर त्याआधीच्या सुधारणांचा खर्च धरत नाहीत. म्हणजे अशा घरात 1988 सालच्या मोझाइक फरशीचं बिल करासाठी निरुपयोगी, पण 2009 मध्ये वाढवलेल्या खोलीचं बिल मोलाचं. किरकोळ डागडुजी आणि रंगकाम हे सहसा सुधारणा मानलं जात नाही.

मृत्युपत्र सापडलं तर त्याची पिन काढू नका, त्याला भोक पाडू नका, लॅमिनेशन तर अजिबात नको. पाकिटासह वकिलाकडे द्या आणि सर्व वारसांना त्याच दिवशी कळवा. मूळ खरेदीखतच हरवलं असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत, या तीन गोष्टी लागतात. ग्राहक शोधण्याआधीच त्या मार्गी लावा.

टाकायला हरकत नाही अशा गोष्टी म्हणजे जुन्या वस्तूंची वॉरंटी कार्डं, भरलेली जुनी वीजबिलं आणि छापील लग्नपत्रिका. खाते क्रमांक किंवा सही असलेला कागद रद्दीत देऊ नका, फाडून पाण्यात भिजवून लगदा करा.

३. वडिलांच्या बॅगेत शेअर सर्टिफिकेटं, मुदत ठेवींच्या पावत्या आणि विम्याच्या पॉलिसी निघाल्या. तीस वर्षं उलटली, आता मिळतं का काही?

बऱ्याचदा मिळतं. फाडू नका.

शेअरचा लाभांश सलग सात वर्षं कुणी घेतला नाही, की तो आणि ते शेअर 'गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधी'कडे वर्ग होतात. ते जप्त झालेले नसतात. वारसाला ठरलेला अर्ज करून परत मागता येतात. आधी सर्टिफिकेटवरचा फोलिओ क्रमांक (कंपनीकडचा भागधारकाचा खाते क्रमांक) टिपा आणि कंपनीचं नाव बदललंय का, ती दुसरीत विलीन झालीय का, ते तपासा. 1 एप्रिल 2019 पासून कागदी शेअर विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, पण वारसाच्या नावावर करून घेता येतात. त्यासाठी वारसाचं डीमॅट खातं लागतं.

बँकेतली ठेव दहा वर्षं कुणी मागितली नाही तर ती रक्कम रिझर्व्ह बँकेच्या निधीकडे जाते, पण वारसाचा हक्क संपत नाही आणि दावा त्याच बँकेत करायचा असतो. कोणत्या बँकेत काय पडून आहे ते शोधायला रिझर्व्ह बँकेचं 2023 साली सुरू झालेलं 'उद्गम' हे संकेतस्थळ आहे. पॉलिसीची मुदत संपलेली दिसली तरी पैसे घेतल्याची नोंद सापडेपर्यंत ती ठेवा.

४. जुनी माणसं पैसे-दागिने कुठेही ठेवायची. नक्की कुठे शोधायचं?

नियम एकच करा : हात फिरवल्याशिवाय घरातून काहीही बाहेर जाणार नाही. पाहायच्या जागा अशा :

- रवा, डाळ, तांदळाचे डबे (ओतूनच पाहा) आणि मसाल्याच्या डब्याखालचा कागद
- ट्रंकेच्या तळाला अंथरलेलं वर्तमानपत्र, साड्यांच्या घड्या, कोटांचे खिसे
- तसबिरींच्या पाठीमागचा पुठ्ठा, पोथ्यांची पानं, जाड पुस्तकं
- लोखंडी कपाटाचा लॉकर आणि त्याच्या आतला चोरकप्पा. खण पूर्ण बाहेर ओढून पाठीमागे हात घाला.
- देव्हाऱ्याचा खण, शिवणयंत्राचा खण, कापसाच्या गाद्या-उशा (दाबून पाहा, शिवण नवी दिसली तर उसवा)

शोधताना दोन माणसं हवीत, आणि शक्यतो कुटुंबाच्या दोन वेगळ्या शाखांतली. सापडलेली वस्तू तिथल्या तिथे वहीत लिहायची, फोटो काढायचा. संशयाला जागा राहिली की चार तोळ्यांपायी चाळीस वर्षांचं नातं तुटतं.

क्रमांक कोरलेली, कोणत्याच कुलपाला न लागणारी किल्ली सापडली तर ती बँकेच्या लॉकरची असू शकते. पासबुकात वर्षातून एकदा वळती झालेली 'लॉकर भाडं' अशी नोंद शोधा. बँक कळली की अर्धं काम झालं.

५. डब्यात जुन्या 500-1000 च्या नोटा निघाल्या. आता काय?

नोव्हेंबर 2016 मध्ये रद्द झालेल्या त्या नोटा आता बदलून मिळत नाहीत. 2017 च्या कायद्यानुसार अशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ बाळगणं गुन्हा आहे. नाणेसंग्रह किंवा अभ्यासासाठी ही मर्यादा 25 नोटांची आहे. दंड 10,000 रुपये किंवा नोटांच्या दर्शनी किमतीच्या पाचपट, यांतला जो जास्त असेल तो होऊ शकतो. 'कमिशनवर बदलून देतो' म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. गठ्ठा मोठा असेल तर वकिलाचा सल्ला घ्या.

2000 च्या नोटेचं तसं नाही. ती चलनातून मागे घेतली, पण वैध आहे. रिझर्व्ह बँकेच्या मुंबई, बेलापूर आणि नागपूर इथल्या कार्यालयांत ती जमा करता येते, टपालानेही पाठवता येते. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून बंद आहेत. ती मुलांना खेळायला देऊ शकता.

६. आई अजून त्याच घरात राहते आणि एक वाटीही हलवू देत नाही. कसं करायचं?

या प्रश्नाचं उत्तर घाईत देता येत नाही आणि घाईत अमलातही आणता येत नाही. ज्या स्वयंपाकघरात तिने पन्नास वर्षं काढली, तिथला डबा तिच्या लेखी पसारा नाही. तिथे तिचा हात डोळे मिटूनही बरोबर पोहोचतो. म्हणून स्वयंपाकघर आणि तिची खोली सगळ्यांत शेवटी घ्या.

आधी ती जिथे राहायला जाणार आहे, तिथली तिची जागा लावा. कपाटाचे किती कप्पे मिळणार, पलंगाशेजारी काय मावणार, ते टेपने मोजून तिला आकड्यात सांगा. 'तीन कप्पे आहेत, काय न्यायचं?' या प्रश्नाला उत्तर देता येतं. 'हे टाकू का?' याला उत्तर एकच : नको. 'टाकू' हा शब्दच वापरू नका, 'कुणाला देऊ?' असं विचारा. जुन्या स्टीलच्या आणि पितळेच्या भांड्यांवर नावं घातलेली असतात, कुणाच्या लग्नात कुणी दिलं तेही असतं. ती नावं मोठ्याने वाचा. ज्याचं नाव आहे त्याच्या घरी ते भांडं जाणार असेल तर आई स्वतःच बाजूला काढून देते.

रोज सकाळी दोन तास, त्यापेक्षा जास्त नको. दुपारनंतर थकवा येतो आणि सकाळी दिलेला होकार संध्याकाळी फिरतो. तो फिरला तर फिरू द्या. 'दिलेल्या' वस्तू आठवडाभर घरातच वेगळ्या खोक्यात ठेवल्या, तर परत मागता येतात, आणि मागता येतात हे माहीत असलं की सहसा मागितल्या जात नाहीत.

एक गोष्ट कधीच करू नका : ती दवाखान्यात किंवा गावी असताना घर रिकामं करणं. हेतू कितीही चांगला असला तरी तिला ते घर लुटल्यासारखंच वाटतं, आणि त्यानंतर ती कशालाच हो म्हणत नाही. स्मरणशक्ती कमी झाली असेल तर निवडीचे प्रश्न विचारून दमवू नका. तिची चादर, घड्याळ, देवाची तसबीर आणि पाण्याचा तांब्या नव्या खोलीत त्याच बाजूला, त्याच क्रमाने मांडा.

७. चार भावंडं, एक परदेशात. वस्तूंची वाटणी भांडण न होता कशी करायची?

भांडणं सोन्यापायी होतात तितकीच वडिलांच्या मनगटी घड्याळापायी आणि आजीच्या पोळपाटापायी होतात. म्हणून किमतीच्या आणि बिनकिमतीच्या वस्तूंच्या याद्या वेगळ्या करा.

बिनकिमतीच्या वस्तूंची क्रमांकासह फोटोयादी सगळ्यांना पाठवा. प्रत्येकाने दुसऱ्याला न सांगता हवे ते क्रमांक लिहून द्यायचे. ज्या वस्तूला एकच नाव आलं ती त्याची. उरलेल्या थोड्या वस्तूंवर बोला. तरी सुटलं नाही तर चिठ्ठ्या टाका, परदेशातल्या भावंडाला व्हिडिओ कॉलवर घेऊन. सोन्या-चांदीचं मात्र सोनाराकडून वजन आणि शुद्धता लिहून घ्या, आणि मृत्युपत्र आहे का ते त्याआधी पाहा.

बहिणीला गृहीत धरू नका. हिंदू वारसा कायद्याने मुलगी मुलाइतकीच वारस आहे, आणि 'तिला काय हवंय एवढ्या लांब' हे तिच्या वतीने दुसऱ्या कुणी ठरवायचं नसतं. शेवटी यादीवर सगळ्यांच्या सह्या घ्या. परदेशातल्याची ई-मेलवर लेखी संमती घ्या.

८. तांब्या-पितळेची भांडी कशी विकायची? मोडीत फसवणूक होते म्हणतात.

मोड म्हणजे जुन्या धातूचा वजनावरचा भाव, आणि तो नव्या भांड्यापेक्षा बराच कमी असतो. फसगत होते ती सगळं एकाच तराजूत गेल्यामुळे. आधी घरीच तांबं, पितळ, कासं, अॅल्युमिनियम आणि स्टील वेगळं करा. चुंबक जवळ न्या. पितळेसारखं दिसणारं भांडं चिकटलं तर ते मुलामा दिलेलं लोखंड आहे. कासं ओळखायचं आवाजावरून : टिचकी मारली की घंटेसारखा लांबलेला नाद येतो. त्यात तांब्याबरोबर कथील असल्यामुळे ते पितळेपेक्षा महाग जातं, पण ठिसूळ असतं. पडलं की तडकतं.

सामान तोलायचा हातकाटा आणा, प्रत्येक धातूचं वजन घरी करा आणि ते लिहूनच दुकानात जा. लोखंडी कडी, आतली कल्हई, जोडाची झाळ यांसाठी वजनात घट धरतात. ती किती हे आधी विचारा. निदान दोन दुकानांचा भाव घ्या.

पाणी तापवायचा बंब, घंगाळ, मोठी हंडी, कोरीव समई, पानाचा डबा, अडकित्ता ही मोडीत घालायची भांडी नाहीत. ती नगावर विकली जातात. पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोर बाजारात एक फेरी मारून भावाचा अंदाज घ्या, मगच विका. चिंचेने घासून चकचकीत करू नका, जुन्या वस्तू घेणाऱ्यांना वर्षांनी चढलेली काळपट झाकच हवी असते.

घरी वापरायला ठेवणार असाल तर पितळी पातेल्याला आतून कल्हई करून घ्या. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक, चिंच, आमसूल असं आंबट घातलं की धातू उतरतो आणि अन्न कळकतं.

९. जातं, पाटा-वरवंटा, उखळ? कुणीच घेत नाही.

विकत कुणी घेत नाही, पण फुकट घेणारे असतात : गावाकडचे नातेवाईक, कृषी पर्यटन केंद्रं, घरगुती मसाले करणाऱ्या बायका. जात्याच्या दोन्ही तळ्या वेगळ्या करून हलवा, खुंटा काढून ठेवा. एकट्याने उचलू नका, कंबर धरते. पायाचं शिवणयंत्र चालू असेल तर शिवणवर्ग आनंदाने नेतात.

१०. साड्या, गोधड्या, गाद्यांचं काय?

जुनी पैठणी किंवा शालू जरीचा भाव विचारल्याशिवाय देऊ नका. जुन्या खऱ्या जरीत चांदी असते, आणि ती विकत घेणारे व्यापारी आहेत. बोहारणीला दिलेल्या अशा एका साडीच्या बदल्यात एक स्टीलचं पातेलं येतं. ठेवायची साडी प्लॅस्टिकमध्ये नको, धुतलेल्या मलमलीत गुंडाळा. डांबराच्या गोळ्या जरीला लागू देऊ नका, ती काळी पडते. घडी दर चार-सहा महिन्यांनी मोडा, नाहीतर रेशीम घडीवरच चिरतं.

वापरण्याजोगे कपडे धुऊन, वेगवेगळे बांधून द्या. गूंजसारख्या संस्था ते घेतात. फाटके आणि डागाळलेले त्यात मिसळले तर ते निवडण्याचा भार त्यांच्यावर पडतो. कापसाची गादी पिंजून नवी होते, फोमची मात्र कुणी घेत नाही. तिच्यासाठी पालिकेच्या अवजड कचऱ्याची चौकशी करा.

११. शेकडो फोटो, चिकटलेले अल्बम, लग्नाच्या व्हिडिओ कॅसेट आहेत. कसं जपायचं?

आधी निवड, मग स्कॅनिंग. दुसरी प्रत, निव्वळ निसर्गदृश्य, धूसर फोटो बाजूला काढले की ढीग खूप उतरतो. ओळखू न येणारे चेहरे टाकू नका. घरातल्या सर्वांत वयस्क माणसाबरोबर बसून नावं विचारा, आणि ती फोटोच्या मागे मऊ पेन्सिलने लिहा. बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

पोस्टकार्डएवढा फोटो 600 डीपीआयवर स्कॅन केला की मोठी प्रत काढायला पुरतो. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो ओढू नका, दात साफ करायचा दोरा फोटोच्या मागून सावकाश सरकवत न्या. काचेला चिकटलेला असेल तर काचेसकट स्कॅन करा. व्हिडिओ कॅसेटच्या खिडकीतून फितीवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट घरच्या यंत्रात घालू नका. बुरशी यंत्राला लागते आणि पुढची चांगली कॅसेटही खराब होते.

१२. मोडी लिपीतले कागद आणि लाल कापडातल्या पोथ्या सापडल्या. कुणाला वाचता येत नाहीत.

वाचता येत नाहीत म्हणून विसर्जित करू नका, ही कळकळीची विनंती. त्यात जमिनीचे कागद, वाटणीपत्रं, सावकारी हिशोब, कुळाची नोंद असू शकते. कडक झालेला कागद जोर लावून उलगडू नका. सेलोटेप लावू नका, कालांतराने तिचा गोंद कागद पिवळा करून खातो. कसर किंवा वाळवी दिसली तर ते बाड बाकीच्यांपासून लगेच वेगळं करा. उन्हात न ठेवता सावलीत, वाऱ्यावर राहू द्या. पानांचा क्रम न मोडता प्रत्येक पानाचे मोबाइलवर सरळ वरून फोटो घ्या.

मोडी वाचून देणारे जाणकार अनेक जिल्ह्यांत आहेत. पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ (स्थापना 1910) आणि भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर (स्थापना 1917) इथे मोठे हस्तलिखित संग्रह आहेत. आधी फोटो पाठवून विचारा, आणि देणार असाल तर लेखी पोच घ्या. घराच्या हक्काशी संबंधित कागद मूळ स्वरूपात वकिलाला दाखवल्याशिवाय देऊ नका.

१३. देव्हाऱ्यातले देव, टाक, भंगलेल्या मूर्ती आणि तसबिरी कुठे ठेवायच्या?

कुळाचार जो पुढे चालवणार त्याच्याकडे टाक जातात, मग तो थोरला असो की धाकटा, मुलगा असो की मुलगी. हे आधी बोलून घ्या, नाहीतर शेवटच्या दिवशी देव कुणाकडेच जात नाहीत. झिजलेले चांदीचे टाक सोनाराकडे देऊन त्याच चांदीचे नवे घडवून घेता येतात. काशीहून आणलेली सीलबंद गंगेची लोटी फोडून पाणी तुळशीला घाला, लोटी ठेवा.

तसबिरी नदीत सोडू नका. काच आणि चौकट वेगळी करून भंगारात द्या. कागद भिजवून, लगदा करून झाडाच्या बुंध्याशी पुरा. दगडी तुळशीवृंदावन जमिनीत बसवलेलं असेल तर ते नेणार की ठेवणार, हे प्रश्न १६ प्रमाणे करारात लिहा.

१४. भिंतीवर सांबराची शिंगं, पेटीत वाघाचं कातडं, माळ्यावर आजोबांची बंदूक. विकता येईल?

नाही. यांतलं काहीही ऑनलाइन विक्रीला टाकू नका, फोटोसुद्धा नको. वाघाचं कातडं, मृगाजिन, सांबरशिंग, हस्तिदंत यांना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लागू आहे. 'पूजेसाठी आहे' किंवा 'पणजोबांच्या काळातलं आहे' या सबबी चालत नाहीत. मालकी प्रमाणपत्र असेल तर ती वस्तू वारसाकडे जाऊ शकते, पण वारशाने मिळाल्यापासून 90 दिवसांत मुख्य वन्यजीव रक्षकांकडे ती जाहीर करावी लागते. प्रमाणपत्र नसेल तर वस्तू न हलवता, न जाळता, वकिलाला घेऊन वन विभागाकडे जा.

परवानाधारक वारले की बंदूक विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायची असते. आधी फोन करून विचारा, मगच न्या, आणि पावती घ्या. जुन्या तलवारीबद्दलही गाडीत टाकण्याआधी ठाण्यात विचारा.

१५. अमेरिकेतली बहीण पणजीची पितळी मूर्ती नेणार आहे. अडचण येईल का?

येऊ शकते. पुरावशेष व कलानिधी कायदा, 1972 नुसार शंभर वर्षांहून जुनी मूर्ती किंवा कलावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. हस्तलिखितांना ही मर्यादा 75 वर्षांची आहे. वस्तू तेवढी जुनी नसली तरी विमानतळावर ते सिद्ध कसं करणार? भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून 'पुरावशेष नाही' असं प्रमाणपत्र आधी घ्या. वय माहीत नसेल तर मूर्ती इथल्या भावंडाकडेच राहू द्या.

१६. करार झाला. आता पंखे, गीझर, सागवानी कोरीव दार काढून नेता येईल?

करारात लिहिलं असेल तरच. ग्राहकाने घर जसं पाहिलं तसंच त्याला मिळायला हवं, ही त्याची रास्त अपेक्षा आहे. म्हणून घर दाखवण्याआधीच ठरवा. न्यायच्या वस्तू आधी काढा आणि जागी साधी बसवा. वाड्याचं कोरीव दार, खांब, झोपाळ्याच्या पितळी कड्या वेगळ्या विकणार असाल तर यादी करून ती कराराला जोडा. खांब आणि तुळया भार पेलत असतात, त्यांना अभियंत्याला विचारल्याशिवाय हात लावू नका.

१७. वीज, गॅस, फोन कधी बंद करायचे?

वीज सगळ्यांत शेवटी, किंबहुना बंदच करू नका. कायमची खंडित केली तर ग्राहकाला नवी जोडणी घ्यावी लागते, आणि अंधाऱ्या, पंपाविना कोरड्या घराला भाव मिळत नाही. ताबा देण्याच्या दिवशी मीटरच्या आकड्याचा फोटो काढा आणि त्यावर दोघांच्या सह्या घ्या.

गॅसची दोन्ही सिलिंडरं आणि रेग्युलेटर वितरकाकडे परत दिली की व्हाउचरवरची अनामत परत मिळते. सिलिंडर भंगारवाल्याला देऊ नका. दिवंगत व्यक्तीचा मोबाइल क्रमांक काही महिने चालू ठेवा, म्हणजे कोणत्या बँकेचे, विम्याचे संदेश येतात ते कळतं. त्या फोनवरून व्यवहार मात्र करू नका. टपाल नव्या पत्त्यावर वळवायला पोस्टात लेखी अर्ज द्या.

१८. 'सगळं एकगठ्ठा उचलतो' म्हणणाऱ्याला घर द्यावं का?

प्रश्न २ ते १४ मधलं सगळं आटोपल्यावर जे उरतं, त्यासाठी जरूर द्या. त्याआधी नाही. लोखंड, लाकूड, प्लॅस्टिक, कागद यांचा भाव वेगवेगळा लिहून घ्या, हमाली आणि टेम्पो कुणाचा तेही ठरवा. सोसायटीत लिफ्ट आणि टेम्पोची वेळ आधी विचारा.

काही गोष्टी भंगारात जाऊ नयेत. जुन्या टीव्हीच्या काचेत शिसं असतं, ट्यूब आणि सीएफएलमध्ये पारा. ते न फोडता ई-कचरा केंद्रात द्या. इन्व्हर्टरची बॅटरी नवी विकणारा दुकानदार परत घेतो आणि तिचे पैसेही मिळतात. जुनी औषधं, कीटकनाशकं, संडासाचं अॅसिड वेगळ्या पिशवीत, नाव लिहून, घरगुती घातक कचरा म्हणून द्या. मोरीत ओतू नका. अॅसिड आणि ब्लीच एकत्र आलं तर विषारी वायू होतो.

१९. वाड्यातल्या एका खोलीला काकांचं कुलूप आहे, दुसरीला जुन्या भाडेकरूचं. फोडू का?

नको. भाडेकरू वर्षानुवर्षं आला नसला तरी कुलूप फोडून सामान बाहेर काढलं तर बेकायदा ताबा घेतल्याची तक्रार होऊ शकते, आणि सगळी विक्री अडकते. त्या खोलीचा प्रश्न वकिलामार्फत सोडवा आणि ग्राहकाला ती स्थिती आधीच सांगा.

काकांना स्पीड पोस्टने पत्र पाठवा, तारीख सुचवा. ते येऊ शकत नसतील तर त्यांची लेखी संमती घेऊन, त्यांनी सांगितलेल्या माणसासमोर आणि दोन त्रयस्थ पंचांसमोर उघडा. कुलूप तोडण्यापासून शेवटची वस्तू बाहेर येईपर्यंत न थांबवता चित्रीकरण करा, यादीवर सह्या घ्या. त्यांचं सामान त्यांच्या नावाने बांधून वेगळं ठेवा. खोली त्यांच्या हिश्श्यात येत असेल तर सामानाची बाब गौण आहे. विक्रीच्या कागदावर त्यांची सही लागेल, आणि त्याचं बोलणं कुलपाला हात लावण्याआधी व्हायला हवं.